हेगच्या कोर्टात पेशव्यांची सनद!

ऐका! हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि ऐका! नेदरलँड्समध्ये हेग नावाचं शहर, तिथे साऱ्या जगाचं न्यायालय, तिथे पंधरा देशांचे पंधरा न्यायाधीश ओळीने बसलेले, आणि त्यांच्यापुढे प्रश्न कोणता? तर पुण्याच्या पेशव्यांनी पोर्तुगीजांना जी गावं दिली, ती राज्य म्हणून दिली की नुसता त्यांचा महसूल दिला! बाप्पा! सरंजाम, जहागीर, सनद हे आपले शब्द त्या निकालपत्रात छापलेले आहेत! मी ते वाचलं आणि मला एका जागी बसवेना. घरात सांगितलं, दुकानात सांगितलं, हळदीचं पोतं न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगितलं. आता तुम्ही सापडलात!

आधीच सांगून टाकते, मला कायद्यातलं काही कळत नाही. इतवारीत किराणा ओळीत आमचं दुकान आहे आणि मी तिथे हिशेब बघते. पण पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या हेगमधल्या खटल्याबद्दल आमच्याकडे फार बोलणं व्हायचं, कारण भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे आपल्या नागपूरचे! इथे वाढलेले, एसएफएस शाळेत शिकलेले, वडील एन. के. पी. साळवे, आजोबा इथले फौजदारी वकील! म्हणून मी तो निकाल वाचायला घेतला, आणि मग वाटलं की भारत या कोर्टात याआधी कधी उभा राहिला असेल का, आणि मग जुन्या खटल्यांची यादी चाळली, आणि मग त्यात एक नाव दिसलं: पोर्तुगाल विरुद्ध भारत, भारताच्या प्रदेशातून जाण्याच्या हक्काबद्दलचा खटला, निकाल १९६०. जाण्याचा हक्क! म्हणजे वाट! दोन देश एका वाटेसाठी हेगपर्यंत गेले!

नकाशा काढा, खरंच काढा. गुजरातच्या किनाऱ्यावर दमण सापडलं? आता तिथून थोडं पूर्वेला सरका. हे दादरा, आणि पुढे ती मोठी नगर हवेली, सिल्वासा जिथे आहे ती. तिन्ही पोर्तुगीजांकडे. पण दमण आणि दादरा यांच्या मधली जमीन? ती आपली, त्या वेळच्या मुंबई राज्यातली! म्हणजे दमणच्या पोर्तुगीज गव्हर्नरला स्वतःच्या ताब्यातल्या गावी जायचं तर भारतातून जावं लागायचं! इंग्रज होते तोवर हे निभून गेलं. स्वातंत्र्यानंतर ताणलं गेलं आणि १९५४ मध्ये तुटलं.

१९५४ चं तर काय सांगू! जुलैच्या पावसात तरुण मंडळी दादऱ्यात शिरली, आणि मग नरोली, आणि मग २ ऑगस्टला सिल्वासा! आझाद गोमांतक दल होतं, गोव्याचे आणखी गट होते, संघाचे स्वयंसेवक होते, स्थानिक वारली होते. आणि त्या मंडळींत कोण? सुधीर फडके! आपले बाबूजी! पुढच्या वर्षी १ एप्रिलला ज्यांचं गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, ते बाबूजी त्याच्या आठ महिने आधी या लढ्यात होते! बाबासाहेब पुरंदरेही होते! मी गीतरामायण लहानपणापासून ऐकते आहे आणि हे मला कोणीच सांगितलं नव्हतं!

भारत सरकारने त्या वेळी काय केलं? पोर्तुगीजांची वाट बंद केली. दमणहून दादऱ्याला निघालेल्यांना जाऊ दिलं नाही. पोर्तुगाल संतापला आणि म्हणाला, आमचा जाण्याचा हक्क तुम्ही मोडलात.

आता इथून पुढे खरी मजा आहे, उठू नका! या जागतिक कोर्टाची रीत अशी की कोणालाही तिथे जबरदस्तीने ओढता येत नाही. देशाने आधी स्वतःहून म्हणायला हवं की तुमचा निवाडा मला मान्य असेल. तसं म्हटलेले दोन देश असतील तरच खटला उभा राहतो. भारताने तसं म्हटलेलं होतं, तेही इंग्रजांच्या काळापासून. पोर्तुगालने म्हटलेलं नव्हतं. पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सभासदसुद्धा नव्हता! आणि मग १४ डिसेंबर १९५५ ला सभासद झाला, आणि मग १९ डिसेंबरला कोर्टाचा अधिकार मान्य केला, आणि मग २२ डिसेंबरला भारतावर दावा ठोकला! तीन दिवस! दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या फिर्याद! भारताचं म्हणणं पडलं की अहो, यांनी मान्यता दिल्याचा कागद आमच्यापर्यंत पोचलाही नाही, हा कुठला न्याय? आणि ती १९ डिसेंबर तारीख पुन्हा बघा! बरोबर सहा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला! हा नुसता योगायोग आहे, मला कळतं, तरी अंगावर काटा आला!

भारताने एकूण सहा हरकती घेतल्या. १९५७ च्या नोव्हेंबरात कोर्टाने चार फेटाळल्या आणि दोन मूळ खटल्याबरोबर ऐकू म्हणून मागे ठेवल्या. मला वाटलं, संपलं, हरलो! धावत शेजारच्या वकीलकाकांकडे गेले. ते म्हणाले, ‘बेटा, हरकत फेटाळली म्हणजे फक्त खटला चालणार, एवढंच. अजून कोणी काही हरलेलं नाही. पुढे वाच.’ मी म्हटलं, ‘काकाजी, तुम्ही वाचलाय हा निकाल?’ तर म्हणाले, ‘नाही, तू वाच आणि मला सांग.’ झालं! म्हणजे आता वकिलांना मी सांगायचं!

तर न्यायाधीशांची ओळ बघू या. अध्यक्ष नॉर्वेचे क्लेस्टाड. उपाध्यक्ष कोण? पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान! आणि ते तिथे कसे आले? आपले बेनेगल नरसिंह राव, संविधानाचे सल्लागार, ते या कोर्टात न्यायाधीश होते, १९५३ मध्ये वारले, आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर जफरुल्ला निवडून आले! मग भारताचा कोणी उरला नाही. पण या कोर्टाचा एक नियम मला फार म्हणजे फारच आवडला: ज्या देशाचा खटला आहे त्याचा न्यायाधीश पीठावर नसेल, तर त्या खटल्यापुरता एक न्यायाधीश त्या देशाला नेमता येतो! दोन्ही बाजूंना! पोर्तुगालने आपला नेमला. भारताने नेमले महंमद करीम छागला. १९५७ ची सुनावणी झाली तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, आणि विदर्भ १९५६ च्या १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात गेला होता, नागपूरला त्याच न्यायालयाचं खंडपीठ होतं. म्हणजे त्या वेळी इतवारीतलं एखादं भांडण वरच्या कोर्टात गेलं असतं, तर ते ज्यांच्या न्यायालयात गेलं असतं, तेच छागला हेगला बसले होते! आणि भारताची बाजू मांडायला अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड!

आता सनद! मी कधीची थांबले आहे या जागेसाठी!

पोर्तुगाल म्हणाला, ही गावं आमची आहेत, कारण १७७९ मध्ये पुण्याला मराठ्यांशी तह झाला आणि त्याच्या सतराव्या कलमाने ती आम्हाला मिळाली. १७७९! सवाई माधवराव पेशवे तेव्हा पाच वर्षांचे! कारभार नाना फडणविसांच्या हाती, इंग्रजांशी लढाई चाललेली, आणि पोर्तुगीजांची दोस्ती हवी, म्हणून दमण परगण्यातली वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावं त्यांना लावून दिली. पुढे १७८३ आणि १७८५ च्या दोन सनदा. भारत म्हणाला, तह म्हणून हे कधी पक्कं झालंच नव्हतं. कोर्ट म्हणालं, असं कसं, मराठे स्वतःच पुढच्या कागदांत त्या तहाचा हवाला देतात, या दोन सनदांतही देतात, म्हणजे ते स्वतःला बांधील समजत होते. अरे देवा, एक गुण पोर्तुगालला!

पण थांबा! तह होता, पण दिलं काय होतं? कोर्टापुढे त्या कलमाचे वेगवेगळे अनुवाद होते. ते सगळे त्या पंधरा जणांनी ताडून बघितले आणि सांगितलं की यातून राज्य दिल्याचा अर्थ निघत नाही. हा सरंजाम आहे. महसूल खायचा हक्क. हिंदुस्थानात असं देणं सर्रास चालायचं, आणि असा सरंजाम म्हणजे मुलूख तोडून दिला असं कोणी मानल्याचं एकही उदाहरण आमच्यापुढे आलं नाही! आणि मग पोर्तुगालने म्हटलं की आम्हाला तर त्या गावांत बंड झालं तर मोडून काढायचीही परवानगी होती, म्हणजे राज्य आमचंच ना? यावर कोर्टाचं उत्तर वाचून मी टाळी वाजवली, एकटीच, दुकानात! कोर्ट म्हणालं, राज्यच दिलं असतं तर बंड मोडायची वेगळी परवानगी कशाला द्यावी लागली असती? काय बिनतोड! मालकाला घराची चावी वापरायची परवानगी कोण देतं हो?

मी वकीलकाकांना ओरडून सांगितलं, ‘जिंकलो!’ ते म्हणाले, ‘पुढे वाच.’

पुढे वाचलं. १८१८ ला पेशवाई गेली. तो मुलूख इंग्रजांकडे आला. त्यांनी बघितलं, या गावांत पोर्तुगीज बसलेले आहेत, स्वतःची सत्ता चालवताहेत. इंग्रजांनी ती गावं कधी मागितली नाहीत, पोर्तुगीजांना उठवलंही नाही. वर्षं गेली, दशकं गेली. स्वातंत्र्यानंतर भारतानेही ते तसंच चालू दिलं. कोर्ट म्हणालं, पेशव्यांनी राज्य दिलं नव्हतं हे खरं, पण त्यानंतरच्या सगळ्यांनी गप्प राहून पोर्तुगालचं राज्य मान्य केलं! हे मला पचायला जड गेलं, कारण माझं मन सनदेपाशीच अडकलेलं होतं. पण जसजसं वाचत गेले तसतसं पटलं. कागद एकीकडे आणि रोजची वागणूक एकीकडे, आणि कोर्ट दोन्हींचं वजन करत होतं, शांतपणे, पानामागून पान.

आणि मग वाट! शेवटी खटला वाटेचाच होता! कोर्टाने विचारलं, प्रत्यक्षात काय होत आलं? आणि मग त्या वाटेवरून जाणाऱ्यांचे गट पाडले. साधी माणसं, मुलकी अधिकारी, माल: हे इंग्रजांच्या काळापासून सव्वाशे वर्षं बिनाअडथळा येत-जात होते, नेहमीची तपासणी सोडली तर कोणी अडवलं नाही. सैन्य, हत्यारबंद पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा: यांना मात्र दर वेळी परवानगी लागायची. १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज तहच होता तसा. तेव्हा पहिल्या गटाचा हक्क झाला, दुसऱ्याचा नाही! म्हणजे वहिवाट! अक्षरशः वहिवाटीचा कायदा! भारताने म्हटलं होतं की फक्त दोनच देशांमध्ये रूढी कशी काय तयार होईल, रूढीला बरेच देश लागतात. कोर्ट म्हणालं, दोघे जर इतकी वर्षं एकसारखे वागत आले आणि ते बंधन मानत आले, तर दोघांतही रूढी होते. जगभरातली कायद्याची मुलं आज हे वाक्य अभ्यासतात! दमण आणि दादऱ्याच्या मधल्या त्या पट्ट्यामुळे!

मग मतं! साधी माणसं, अधिकारी आणि माल यांचा हक्क होता: ११ विरुद्ध ४. सैन्य, हत्यारबंद पोलीस आणि शस्त्रं यांचा नव्हता: ८ विरुद्ध ७! एका मताने! श्वास रोखून वाचलं मी ते! आणि शेवटचा, सगळ्यात मोठा प्रश्न, जुलै १९५४ मध्ये वाट बंद करून भारताने कर्तव्य मोडलं का? नाही: ९ विरुद्ध ६! त्या वेळी तिथे तणाव होता, आणि वाटेवर नियंत्रण ठेवायचा भारताचा अधिकार पोर्तुगालही मान्य करत होता, म्हणून ती बंदी त्या अधिकारात बसते, असं बहुमताचं म्हणणं. तारीख १२ एप्रिल १९६०. एकोणीस दिवसांनी महाराष्ट्र जन्माला आला!

आता सांगा, जिंकलं कोण? हक्क होता, पण मोडला नाही! मला आधी ही पळवाट वाटली. आता वाटत नाही. इतक्या वर्षांचे कागद तपासल्यावर एका शब्दात होय किंवा नाही म्हणणं सोपं होतं. त्यांनी प्रश्नाचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं उत्तर दिलं, वेगळी मतं दिली, ज्यांना पटलं नाही त्यांनी आपापली भिन्न मतं लिहिली आणि तीही निकालासोबत छापली गेली. यापेक्षा प्रामाणिक काही असेल तर मला दाखवा!

आणि तोवर दादरा-नगर हवेली काय करत होती? स्वतःच कारभार चालवत होती, वरिष्ठ पंचायत नेमून! १९६१ पर्यंत! आणि मग भारतात विलीन व्हायचं ठरलं, तर करारावर सही कोण करणार? म्हणून के. जी. बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसाचा पंतप्रधान केलं, आणि ११ ऑगस्ट १९६१ ला नेहरूंसोबत त्यांची सही झाली! एका दिवसाचा पंतप्रधान! हे शाळेच्या पुस्तकात का नाही?

आता परत जाधवांकडे येऊ, कारण हे सगळं वाचल्यावर तो निकाल मला वेगळाच दिसायला लागला. कोर्टात जायचं तर संमती लागते, आठवतं? १९९९ मध्ये कच्छच्या बाजूला पाकिस्तानच्या नौदलाचं विमान आपल्या हवाई दलाने पाडलं, पाकिस्तान हेगला गेला, आणि भारताने म्हटलं, आमच्या संमतीत अट आहे, राष्ट्रकुलातल्या देशांचे खटले नाहीत! कोर्टाने जून २००० मध्ये ते मानलं, १४ विरुद्ध २. तोच दरवाजा भारताने बंद ठेवलेला, मग २०१७ मध्ये भारत स्वतः आत कसा गेला? दुसऱ्या दाराने! वकिलातींच्या कामाबद्दल १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, त्याला जोडलेल्या एका छोट्या कराराप्रमाणे या विषयापुरते सगळे वाद याच कोर्टात जातात, आणि दोन्ही देशांनी तो स्वीकारलेला होता! केवढीशी फट! तेवढ्यातून एका माणसाचा जीव धरून ठेवला!

त्या कराराचं कलम ३६ म्हणतं, परक्या देशात कोणाला पकडलं तर त्याला विलंब न लावता सांगा की तुझ्या वकिलातीला कळवायचा तुला हक्क आहे, आणि वकिलातीच्या माणसांना त्याला भेटू द्या. पाकिस्तानच्या म्हणण्याप्रमाणे अटक ३ मार्च २०१६ ची, भारताला कळवलं २५ मार्चला. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. ८ मे ला भारताचा अर्ज, १५ मे ला सुनावणी, १८ मे ला एकमताने आदेश: अंतिम निकालापर्यंत फाशी देऊ नका. आणि हे आदेश पाळावेच लागतात हेही या कोर्टाने मोठी किंमत मोजल्यावर ठरवलं होतं. १९९९ मध्ये वॉल्टर लाग्रांड या जर्मन नागरिकासाठी असाच आदेश निघाला आणि अमेरिकेच्या अॅरिझोनात त्याच दिवशी त्याला मारण्यात आलं. २००१ मध्ये कोर्टाने निक्षून सांगितलं, आमचे तात्पुरते आदेश बंधनकारक आहेत.

१७ जुलै २०१९ चा निकाल १५ विरुद्ध १. विरोधातलं एकमेव मत पाकिस्तानने त्या खटल्यापुरत्या नेमलेल्या न्यायाधीशांचं. बघा, छागलांसारखीच जागा! हेरगिरीचा आरोप असला तरी कलम ३६ लागू होतं, हे कोर्टाने स्पष्ट केलं. भारताने शिक्षा रद्द करून सुटका मागितली होती, ती मिळाली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी नको, एवढं मिळालं. मला आणखी हवं होतं. अजूनही हवं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये जाधवांची आई आणि पत्नी इस्लामाबादला भेटायला गेल्या, मध्ये काच, आणि भारताच्या परराष्ट्र खात्याने सांगितलं की आईला मराठीत बोलूच देत नव्हते, सारखे मध्ये अडवत होते. लेकाशी मराठीत बोलता येऊ नये! तिथे माझं वाचणं थांबलं होतं बराच वेळ.

साळवेंनी या खटल्याची फी घेतली एक रुपया. माजी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज गेल्या आणि तो रुपया द्यायचा राहून गेला, मग त्यांच्या मुलीने, बांसुरी यांनी, तो साळवेंच्या हातात दिला. हे तुम्हाला माहीत असेल. पण त्याच हेगमध्ये आणखी एका मराठी माणसाचा निवाडा झाला होता, हे माहीत आहे? सावरकरांची मार्सेलिसची उडी सगळ्यांना ठाऊक, ८ जुलै १९१०. पुढचं? फ्रान्स म्हणाला, आमच्या भूमीवरून नेलात, परत द्या. ब्रिटन नाही म्हणालं. आणि मग दोघांनी पाच पंच नेमले, बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेअरनार्ट अध्यक्ष, आणि २४ फेब्रुवारी १९११ ला त्यांनी सांगितलं की सावरकरांना ब्रिटिशांच्या ताब्यात देण्यात गैर झालं, पण म्हणून परत पाठवायलाच हवं असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही! गैर झालं आणि परत नाही! का? तो निवाडा मी छापून आणला आहे, फार मोठा नाही, आणि वकीलकाकांनी तोही वाचलेला नाही, आणि रविवारी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघं बसणार आहोत त्यांच्याच ओट्यावर. तुम्ही येताय ना?